न मारलेलं भेकर

चिमण करबट सरकारसाठी लेंड्या मोजायचा. पाड्यावरचे लोक हे त्याच्या तोंडावर बोलत आणि तोही हसून घेई, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. वनखात्यात रोजंदारीवर लागून त्याला बरीच वर्षं झाली होती. पाऊस सरून डोंगरावरचं गवत पिवळं पडलं की जंगलातून एक सरळ रेघ धरायची, झाडांना चुन्याची बोटं लावत जायचं, रेघेवर ठरल्या जागी दोरीनं गोल आखायचा आणि त्या गोलात उकिडवं बसून पाला बाजूला सारायचा. सशाची लेंडी वेगळी, बकरीची वेगळी, भेकराची वेगळी. चिमणनं बघून सांगायचं, वनरक्षक निलमबाईनं मोबाईलमध्ये भरायचं. चुकायचाही तो. मग निलमबाई लेंडी हातात घेऊन, फोडून, त्याला दाखवायची आणि तो मान हलवायचा.

संध्याकाळी घरी येताना धाकल्याकाका ओट्यावर बसलेला असायचा. पाड्यातला सगळ्यात जुना माणूस.

"काय रं चिमण, सरकारला आज किती गू मिळाला?"

"तुझ्यापेक्षा कमी, काका. तू सकाळी डोंगराकडंच बसतोस ना, तुझा पण मोजून आलो."

आणि धाकल्याकाका खोकला येईपर्यंत हसायचा.

करबटपाडा तलासरीच्या उगवतीला, डोंगराला टेकून बसलेला. वारा फिरला की अच्छाडच्या नाक्यावरच्या ट्रकांचे हॉर्न इथवर येतात. पाड्यातली अर्धी पोरं गुजरातेत बोटींवर खलाशी, उरलेली कंपनीत. वारली माणसं, पण धनुष्यबाण आता भिंतीवरच्या चित्रातच. डोंगरावर मारण्यासारखं राहिलंच नाही, तर जाणार कोण?

राहिलं होतं ते एक भेकर. बकरीएवढं, तांबूस अंगाचं हरण, कळपात न राहणारं, आणि भ्यालं की कुत्र्यासारखं भुंकणारं. चिमणनं ते डोळ्यांनी फार कमी पाहिलं. पण ओहळाच्या वरच्या अंगाला, करंजांच्या दाटीत, त्याच्या लेंड्यांचा ढीग दरवर्षी सापडायचा आणि सकाळच्या धुक्यात त्याचं भुंकणं यायचं. एकच भुंकणं. दुसरीकडून कधी उत्तर आलं नाही.

निलमबाई सावे चिंचणीकडची, चिकूच्या वाडीवाल्यांच्या घरातली. तिचा बाप म्हणे अजून विचारायचा, की एवढी वाडी सोडून डोंगरात लेंड्या कसल्या चिवडतेस. पण पोरगी आपल्या मनाची होती. जेवायला बसली की डब्यातला चिकू चिमणला द्यायची आणि सगळं समजावून सांगायची.

"हे बघा चिमणभाऊ, आपल्याला तीन गोष्टी पाहिजेत. डोंगरावर किती आहेत, वर्षाला किती वाढतात आणि माणसं किती मारतात. या तिन्ही कळल्या की किती दिवस टिकतील ते कळतं."

पहिली गोष्ट लेंड्यांवरून. दुसरी पण तशीच, अंदाजानं. तिसरी मात्र पाड्यावर जाऊन विचारायची. दरवर्षी निलमबाई चिमणला बरोबर घेऊन घरोघर जायची. यंदा शिकार झाली का? नाय बाय. भेकर, ससा, काही? काही नाय बाय. ती शून्य लिहायची. शून्य खरं होतं. पण तालुक्याला बसलेल्या मोठ्या साहेबांना ते कधी पटलं नाही. आदिवासी पाडा, डोंगराला लागून, आणि शिकार शून्य? ते निलमबाईला म्हणायचे, "मॅडम, लोक तुम्हाला बनवतात."

त्या वर्षी दिवाळी झाली आणि चिमणची आयस अंथरुणाला लागली.

बुधीबाई तिचं नाव. नवरा जाऊन जमाना झाला होता. डोळ्यांत फूल पडलेलं, नाकाचा वास निम्मा गेलेला, पण जीभ शाबूत. आता तिला अन्न जाईना. पेज पुढं केली की ती तोंड फिरवायची. चिमण तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं तपासलं, नळ्या लावल्या, काढल्या, आणि चिमणला बाजूला घेऊन सांगितलं, "वय झालंय. घरी न्या. काय हवं ते खायला द्या."

चांगल्या मनानं बोलला बिचारा. पण त्या वाक्यानं चिमणचं घर फिरलं.

"आये," घरी आल्यावर चिमणनं तिच्या कानाशी तोंड नेलं, "डॉक्टर बोलला, तुना काय खायचं ते दे. बोल. कोंबडी आणू? सुका बोंबील?"

पाड्यावर म्हातारीला डोसी म्हणतात. डोसीनं ओठ ओले केले.

"भेकर."

चिमणची बायको नवशी चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.

"आये, माझं कामच ते मोजायचं आहा. मीच मारू?"

"तू मोजलंस म्हणजे तुना ठाव आहा ते कोठं बसतं."

"एकच उरलंय डोंगरावर."

"मग त्याला तरी एकट्याला काय सुख आहा?" डोसी म्हणाली. "मी बघतेय ना."

चिमण उठला. त्यानं बाहेर येऊन विडी पेटवली. पाड्याची समजूत अशी की म्हातारं माणूस तोंडात इच्छा घेऊन गेलं, तर ते वाडवडलांत जाऊन बसत नाही. घराभोवतीच फिरत राहतं आणि पोराबाळांना आजार लावतं. नवशीला त्याचंच भय. ती दोन्ही बाजूंनी विचार करत होती. डोसीला तोंडचा घास मिळावा आणि नवऱ्याला तुरुंग नको.

दुसऱ्या दिवशी चिमण एकटाच डोंगरावर गेला. कमरेला कोयता. करंजांच्या दाटीत ढीग ताजा होता, अजून ओला. पलीकडच्या उतारावर पाला वाजला आणि उंबराच्या बुंध्यामागं तांबूस पाठ दिसली. ते खाली मान घालून पडलेली फळं खात होतं. चिमणच्या बापानं असं भेकर शीळ घालून जवळ आणलं असतं. चिमणलाही ती शीळ येत होती. त्यानं ओठांवर पान धरलंसुद्धा.

पण त्यानं ते फुंकलं नाही. दया आली म्हणून नव्हे. भूक लागली तर चिमणनं उंदीरही भाजून खाल्ला असता. पण इतकी वर्षं पावसानंतर त्या एका ढिगासाठी तो चढत आला होता. ते मेलं तर पुढल्या वर्षी तो कशासाठी वर येणार? आणि निलमबाईला काय दाखवणार? त्यानं पान टाकलं आणि खाली आला.

"जमलं नाय," त्यानं नवशीला सांगितलं.

नवशीनं दावणीकडं पाहिलं. "माझी काळी पाठ घे," ती म्हणाली. पाठ म्हणजे अजून न व्यालेली, कवळी शेळी. नवशीनं ती पिल्लापासून वाढवली होती. "वास नाय मारत तिच्या अंगाला. डोळे नाय, नाक नाय, तिला काय कळतंय? भेकर म्हणून दे."

चिमणनं पाठ ओहळाकडं नेली, पाड्यापासून लांब. भेकराचे केस जाळून काढतात, तसा वास यावा म्हणून मांस आंब्याच्या ओल्या फांद्यांच्या धुरावर धरलं, काळपट होईपर्यंत. कातडं, डोकं, खूर तिथंच करंजाखाली खड्डा करून पुरलं. घरी येऊन नवशीनं तेल न घालता, नुसतं मीठ, मिरची आणि तांदळाचं पीठ लावून रस्सा केला. डोसी तरुणपणी करायची तसा.

वाटी तोंडाशी नेली. डोसीनं हुंगलं. मग एक घोट घेतला. मग डोळे मिटून दुसरा. तिच्या गालावर काहीतरी हललं.

"आलं रं," ती म्हणाली. "भेकर आलं."

चिमणनं श्वास सोडला. तेवढ्यात डोसीनं वाटी खाली ठेवली.

"वाटे घातलेस?"

चिमणचं तोंड उघडं राहिलं. हे त्याला सुचलंच नव्हतं. करबटपाड्याच्या रीतीनं भेकर कधी एका चुलीवर शिजत नाही. मारणाऱ्याला डोकं, भगताला मान, आणि बाकीचे वाटे पाड्यातल्या प्रत्येक चुलीला. भांडण असलेल्या घरालासुद्धा. त्यात लहान-मोठं बघत नाहीत. कोंबडी घरात खातात, बकरंही घरात खातात. पण भेकर डोंगराचं, म्हणून सगळ्यांचं.

"घालतो, आये."

"माझ्यादेखत घाल. खाट बाहेर काढ."

डोसी हट्टाला पेटली. खाट अंगणात आली. सागाची पानं पसरली. चिमण मांस कापत होता आणि डोसी पडल्या पडल्या एकेका घराला हाक मारत होती. कवळी पाठ ती, सगळ्या चुलींना पुरवता पुरवता एकेकाच्या पानावर मूठभर आलं.

"एवढंसंच?" शेजारची हिराबाई पान उचलून बघत बोलली.

"मग काय म्हैस मारली माझ्या पोसानं?" डोसी लेकाची बाजू घेत खाटेवरून ओरडली. "भेकर केवढं असतं ते तुझ्या सासूला विचार. ती पण इठं मागायला यायची."

लोक हसले. पण हसता हसता त्यांचे आवाज खाली आले, कारण चिमण सरकारचा माणूस, आणि त्यानंच मारलं. तरण्यांनी भेकर कधी खाल्लंच नव्हतं, त्यांना चव काय कळणार? जुन्यांना खाऊन इतके पावसाळे झाले होते की त्यांनी जिभेवर विश्वास ठेवलाच नाही, कानावर ठेवला. धाकल्याकाकानं आपला वाटा कपाळाला लावला.

"रीत ठाव आहा ना सगळ्यांना?" तो म्हणाला. "वाटा खाल्ला की तो नाकारायचा नाय. कुणी विचारलं तर गप बसा. पण 'खाल्ला नाय' असं तोंडातून काढायचं नाय. काढलं तर डोंगर तोंड मिटतो आणि मारणाऱ्याचं घर बसतं."

चिमणला तेव्हाच सांगता आलं असतं. सगळी पानं अजून अंगणात होती. त्यानं आयशीकडं पाहिलं. ती खाटेवर कोपर टेकून, पांढरे डोळे लोकांकडं वळवून, एखाद्या लग्नघरची मालकीण बसावी तशी बसली होती. त्यानं कोयता पुसून ठेवला. नवशीनं आपल्या पाठीचं मांस भिंतीकडं तोंड करून खाल्लं.

मरायला मोकळी होणार होती ती डोसी त्यानंतर उठून बसायला लागली. पेज मागू लागली. तांबूल कुटून घेऊ लागली. गावोगावचे नातलग शेवटचं बघायला म्हणून यायचे आणि ती त्यांना बसवून सांगायची, माझ्या पोसानं भेकर आणलं, वाटे घातले, बापाचा हात आहा त्याला. वाणगावच्या बाजारात भाजी विकणारी तिची भाची येऊन गेली आणि पुढल्या बाजारी ही गोष्ट कारल्याबरोबर लोकांच्या पिशवीत गेली.

निलमबाईच्या कानावर ती आली, पण तिनं धरली नाही. मग एकदा पाड्यावर शिकारीचं विचारायला ती आली. यंदा कुणी "नाय बाय" म्हणालं नाही, प्रत्येक घरानं चहाचं विचारून विषय बदलला. शेवटच्या घरी मोठं कुणी नव्हतं. हिराबाईची नात रिया पायरीवर बसून आंबोशी चोखत होती.

"आमी भेकर खाल्लं," ती आपणहून बोलली. "चिमणबाबानं आणलं. गोड होतं."

निलमबाई गाडीवर बसली. दुसऱ्या दिवशी डोंगरावर, रेघेवर चालता चालता ती थांबली.

"चिमणभाऊ, माझ्याकडं बघा. मारलंत?"

चिमणनं सगळं सांगितलं. आयशीचं, पाठीचं, वाट्यांचं. मग तिला ओहळाकडं नेऊन करंजाखालची माती उकरली. निलमबाईनं ओढणी नाकाला लावून वाकून पाहिलं. काळं कातडं, शेळीचे खूर, शिंगाचे कोवळे कोंब.

"माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "पण वर कळलंय. बाजारात पसरलंय. साहेब उद्या येतायत जबाब घ्यायला. तुम्ही सगळ्यांदेखत हेच सांगा, मिटेल."

"सगळ्यांदेखत नाय सांगता येणार."

"का?"

"आयस ऐकेल."

निलमबाई चिडली. "चिमणभाऊ, नोकरी जाईल. जेलमध्ये जाल!"

"बाय, ती आता कुठं जेवायला लागलीय."

साहेब जीप घेऊन आले. बरोबर दोन शिपाई. चिमणला झाडाखाली उभं केलं आणि घरोघर विचारायला सुरुवात झाली. आता चिमणला वाटलं होतं, लोक गप बसतील, रीतच ती. पण पाड्यानं रात्रभर विचार करून दुसरंच ठरवलं होतं. चिमण तुरुंगात गेला तर त्याची बायको काय खाईल? डोंगर रागावला तर रागावो.

"बकरं होतं, साहेब," पहिल्या घरानं सांगितलं.

"बकरं होतं, साहेब," दुसऱ्या घरानं सांगितलं. "नवशीची काळी पाठ."

नवशीची काळी पाठ दावणीला दिसत नव्हती, म्हणून कुणीतरी ही शक्कल काढली होती. प्रत्येक घरानं तेच शब्द, त्याच चालीत, साहेबांच्या डोळ्यांत न बघता सांगितले. खोटं बोलतोय असं समजून एकूण एक माणूस खरं बोलत होता, आणि सगळ्यांची तोंडं चोरासारखी झाली होती.

"शाळेतली कविता पाठ केल्यासारखं म्हणतायत," साहेब निलमबाईला बोलले.

धाकल्याकाका तेवढा गप बसला. साहेबांनी दोनदा विचारलं. तो आपला डोंगराकडं बघत राहिला.

"हा का बोलत नाही?" साहेबांनी विचारलं. "बघा, एकाला तरी खोटं बोलवत नाहीये."

मग ते डोसीच्या खाटेपाशी आले. चिमण पुढं झाला तर शिपायानं त्याला अडवलं. साहेब माणूस वाईट नव्हते, वाकून, आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, "आजी, मुलानं भेकर आणलं होतं ना? तुम्हीच सांगत होतात सगळ्यांना."

डोसी उठून बसली. तिनं दोन्ही हात पुढं करून साहेबांचा हात शोधला आणि धरला.

"भेकर कोठलं, बाबा," ती म्हणाली. "म्हातारीची बडबड ती. बकरं होतं. मी भेकर खाल्लं नाय. आम्ही कुणीच खाल्लं नाय."

धाकल्याकाकानं पायरीवर बसल्या जागी मान खाली घातली.

मग निलमबाईनं साहेबांना ओहळाकडं नेऊन करंजाखालचं कातडं दाखवलं. "हे काय, कधीही कापून पुरता येतं," ते म्हणाले. शिपायानं ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं.

"साहेब, भेकर जिवंत आहा," जीपपाशी परत आल्यावर चिमण शेवटी बोलला. "काल सकाळीच भुंकलं. या बायनं पण ऐकलं."

"मग दोन होती," साहेब म्हणाले. "एक मारलंस, एक उरलं. मॅडम, तुमचा अंदाज एकाचा होता ना? तो दुरुस्त करा."

निलमबाई काही बोलायला गेली, पण साहेब जीपमध्ये बसले होते. भेकराचं हाड नाही, कातडं नाही, म्हणून केस झाली नाही. चिमणला कामावरून तेवढं कमी केलं. त्या वर्षीच्या अहवालात करबटपाड्याच्या डोंगरावर भेकरं दोन आणि शिकार एक, असं गेलं. हे निलमबाईनंच त्याला फोन करून सांगितलं आणि सांगताना तिला रडू आलं. चिमणला कळेना, हिची समजूत काय म्हणून घालायची. डोंगरावर कधी नव्हतं ते एक भेकर कागदावर जन्मलं आणि कागदावरच मेलं.

जीप गेली त्या दिवशी डोसी हसत होती. "कसा फसवला साहेबाला!" म्हणून नवशीच्या पाठीवर थापा मारत होती. चिमणचं काम गेल्याचं तिला दोन-चार दिवसांनी कळलं, तो सकाळचा घरीच बसलेला ऐकून.

त्या दिवसापासून तिनं वाटी परत सारली.

"घर बसलं ना?" ती म्हणाली. "मी बसवलं. खाल्लेला वाटा नाकारला मी."

"असं काय नाय, आये. साहेब होता तो, त्याच्या मनात आलं."

"साहेबाच्या मनात कोण घालतं?"

तिची समजूत पटेना. रडली असती तर बरं, पण तीही रडली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. हिराबाई येऊन सांगून गेली, अगं आम्ही सगळ्यांनीच नाकारला, तू एकटी कुठं. डोसी म्हणाली, तुमचा पोसा नव्हता तो. धाकल्याकाकाला बोलावून घेतलं, की तू तरी सांग काही होत नाही म्हणून. तो आला, खाटेजवळ बसला, तिचा हात हातात घेतला आणि तसाच उठून गेला. काही होत नाही असं त्याला सांगवेना, कारण त्याला ते खरं वाटत नव्हतं.

"सांग तिला," नवशी म्हणाली. घरामागं लाकडं फोडत होता चिमण. "बकरंच होतं म्हणून सांग. मग नाकारलं काय नि काय. खरंच बोलली ती."

"मग तिनं खाल्लं काय?"

"माझी पाठ खाल्ली. माझ्या पाठीनं तिला महिनाभर जगवली, हे काय कमी आहा?"

चिमणनं कुऱ्हाड लाकडात रुतवून ठेवली. एका बाजूला डोसीच्या तोंडचा घास होता, दुसऱ्या बाजूला तिचा जीव. भेकर काढून घेतलं तर ती रिकामी व्हायची. ठेवलं तर त्याच्याखाली दबून मरायची. दोन दिवस तो तिच्या खाटेभोवती फिरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीचा आवाज बदलला आणि तो जाऊन खाली बसला.

"आये, ऐक. भेकर नव्हतं ते. बकरंच होतं. नवशीची काळी पाठ. मी तुना फसवलं. तू साहेबाला बोललीस ते खरं होतं. तू वाटा नाकारलाच नाय, कारण वाटा नव्हताच."

डोसी ऐकत होती. तिनं हात पुढं करून त्याचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, दाढीचे खुंट.

"किती चांगला रं तू," ती म्हणाली.

"आये, खरं सांगतो."

"साहेबाला पण हेच सांगितलंस. सगळ्यांनी हेच सांगितलं. आता माना पण तेच सांगतोस."

"नवशे, इकडं ये! सांग हिला."

नवशी आली, गुडघ्यावर बसली. "खरंच, आये. माझी पाठ. मीच सांगितलं याला कापायला."

"नवरा-बायको एक झालात," डोसी म्हणाली आणि तिच्या ओठांवर थोडंसं हसू आलं. "अगं, याच्या बापानं आणलेल्या भेकराचे वाटे मी घालत आलेय. माना भेकराची चव ठाव नाय?"

कातडं दाखवावं म्हटलं तर ते तालुक्याला, सरकारी खोलीत. चिमण धावत दाराबाहेर गेला आणि दावणीला पाठीचं दावं होतं ते घेऊन आला. तिच्या हातात दिलं. "बघ, रिकामं आहा. पाठ कोठं गेली सांग मग?"

डोसीनं दावं बोटांनी चाचपलं. "विकलीत असाल. काम गेलं ना तुझं," ती म्हणाली.

मग ती थकली. तिनं दावं बाजूला ठेवलं.

"वाघोबाकडं जा. कोंबडा दे. त्याला बोल, डोसीनं नाकारलं, पोसानं नाय. माना ने, घर सोड."

चिमणनं कोंबडा नेला. वाघोबाच्या लाकडी पाटापुढं उभा राहिला आणि आईनं सांगितलं तेच बोलला, शब्द न बदलता. देवापुढं तरी खरं सांगावं असं त्याला वाटलं, पण खरं कोणतं ते त्याला धड ठरवता येईना. परत आला तेव्हा नवशी दारात बसली होती. ती उठली नाही, त्यावरून त्याला कळलं.

चिमण आता अच्छाडच्या नाक्यावर एका गोदामात माल उतरवतो. तिथं आजूबाजूच्या पाड्यांतली पुष्कळ माणसं आहेत. निलमबाईची बदली झाली. डोंगरावरच्या रेघेवर दुसरा कुणी मजूर जातो, कंपनीतून परत आलेला पोरगा. भेकर अजून भुंकतं की नाही, हे चिमणनं त्याला विचारलेलं नाही.

मागल्या आठवड्यात उधव्याकडचा एक नवा माणूस त्याच्याबरोबर लागला. दुपारी भाकरी सोडताना त्यानं चिमणचं नाव-गाव विचारलं आणि भाकरीचा हात तसाच थांबला.

"करबटपाड्याचा? तूच का रं तो? शेवटचं भेकर आणलंस, सगळ्या पाड्याला वाटे घातलेस, ते?"

बाकीचेही बघायला लागले. नाय म्हणायला चिमणनं तोंड उघडलं. पण नाय म्हणालं की त्याची आयस आठवते, साहेबाचा हात धरून बसलेली.

"हो," तो म्हणाला.

"सरकारी काम गेलं म्हणे त्यापायी?"

"गेलं."

"कजाला मारलंस पण? एवढी नोकरी होती."

चिमणनं मिरचीचा तुकडा मोडून भाकरीवर ठेवला.

"आयशीला खायचं होतं," तो म्हणाला आणि जेवायला लागला.